चित्रकलेत "चांगलं" म्हणजे नक्की काय? शाळेनं अध्ययन निष्पत्ती लिहायला सांगितल्यात, मदत करा

कुंचला नसलेली (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणारे, चहा घेऊन बसा.

माझी लेक तिसरीत आहे. यंदा गंगेला (म्हणजे आपल्या गोदावरीला) पूर आला तेव्हा हिचे बाबा हिला स्कूटरवर बसवून पुलावर घेऊन गेले, गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं होतं. नाशिककरांना सांगायला नको, पूर मोजायची आपली पट्टी तीच. नंतर आठवडाभरात शाळेत "पावसाळ्यातील दृश्य" काढायला दिलं. वर्गानं छत्री, बेडूक, कागदाची होडी काढली. हिनं अख्खा कागद मातकट तपकिरी रंगवला, मधोमध शेंदरी मारुती छातीपासून वरचाच, आणि वरती पुलावर एकमेकांना चिकटून माणसं, सगळ्यांचे हात वर. मी विचारलं हे काय गं, नमस्कार करतायत का, तर म्हणे नाही, मोबाईलमध्ये शूट करतायत.

वही परत आली. शेजारी लाल पेनानं "पाणी निळे असते. रंग रेषेबाहेर." श्रेणी ब-२.

मी भांडायला गेले नाही, खरंच. पालकसभेत फक्त विचारलं की चित्रकलेची श्रेणी कशावर ठरते. बाई म्हणाल्या स्वच्छता, रंगसंगती, वेळेत पूर्ण केलं का. मुख्याध्यापिका हुशार निघाल्या, म्हणाल्या नवीन आराखड्याप्रमाणे आपल्याला कलेच्या निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय यायला हवं ते, लिहायच्याच आहेत तर तुम्ही, अजून एक पालक आणि बाई मिळून तिसरी ते आठवीचा एक पानाचा कच्चा मसुदा द्या. घ्या, तोंड उघडलं की काम गळ्यात. मी बँकेत आहे, शेवटचं चित्र सातवीत काढलंय, दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि नदीकाठी नारळाचं झाड. नाशकात नारळ! द्राक्षाचा वेल कधी कुणी काढायला सांगितलाच नाही.

तर सांगा, मुलाला चित्रकलेत काय यायला हवं? आणि ते आलंय हे कळणार कसं?

-----

स्पष्टच बोलतो:

ब-२ नं कुणाचं लग्न अडलंय का ताई? चित्रकलेला कसली उद्दिष्टं, आठवड्यात एक तास पोरांना मोकळं सोडा, जे काढायचं ते काढू द्या. निष्पत्ती बिष्पत्ती लिहिली की त्याचा पण क्लास निघेल गंगापूर रोडला, बघा तुम्ही. आणि शेवटी पोटापाण्याला गणित सायन्सच लागतं.

-----

निवृत्त ड्रॉइंग मास्तर:

क्लास निघेल म्हणता, तो कधीच निघालाय हो. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे आपली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, कला संचालनालय घेतं. त्यातल्या इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळायला लागले, ए ला ७, बी ला ५, सी ला ३, तेव्हापासून आठवी-नववीतली जी पोरं आयुष्यात कधी पेन्सिलला टोक करत नव्हती ती पण फॉर्म भरायला रांगेत. मला याचं दुःखही आहे आणि आनंदही आहे, कारण त्या निमित्तानं का होईना पण शंभरातली दहा पोरं खरंच बघायला शिकतात.

बघायला हा शब्द मुद्दाम वापरतोय. उदाहरण देतो. टेबलावर पितळी तांब्या ठेवायचो आणि सांगायचो काढा. चाळीसातली अडतीस पोरं तोंड मस्त लंबगोल काढायची आणि बुडाला पट्टी लावून सरळ रेघ मारायची. का? तर तांब्या टेबलावर सपाट बसलाय हे त्यांना माहीत असतं. माहीत असलेलं काढतात, दिसलेलं काढत नाहीत. मग मी तांब्या बाजूला ठेवून काचेचा ग्लास घ्यायचो, डोळ्यासमोर धरायचा, कडा रेघेसारखी दिसते, हळूहळू खाली न्यायचा, लंबगोल उघडत जातो, आणि ग्लासचं बूड डोळ्यापासून जास्त खाली म्हणून तोंडापेक्षा बुडाची गोलाई जास्त उघडी दिसते. पोरांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. तेवढ्या पाच मिनिटांसाठी मी नोकरी केली म्हणा ना.

आता हे निष्पत्तीत लिहायचं तर "वस्तुचित्र काढतो" असं लिहून उपयोग नाही. "वस्तू डोळ्याच्या पातळीच्या वर-खाली हलवली की आकार कसा बदलतो ते काढून दाखवतो" असं लिहा. हे तपासता येतं, त्याला सुंदर चित्र लागत नाही.

मुलीच्या चित्राबद्दल: पुराचं पाणी निळं काढलं असतं तर मी मार्क कापले असते.

-----

अर्धी खडूपेटी:

मी कलाशिक्षिका आहे, त्या बाईंची बाजू मांडते कारण इथे कुणी मांडणार नाही.

माझ्याकडे पाचवी ते दहावी, एका वर्गात ६२ मुलं, तास ३५ मिनिटांचा, त्यातली १० मिनिटं वही काढणे, रंग विसरलो, पाणी सांडलं, बाई हा माझा निळा देत नाही यात जातात. नळ एकच, तो पण व्हरांड्याच्या टोकाला. वार्षिक परीक्षा जवळ आली की गणिताचे सर दारात उभे, "मॅडम तेवढा तास द्या ना, तुमचं काय चित्रच आहे". आणि तपासणीला येणारे साहेब वही उघडून काय बघतात? स्वच्छता, शेरा आणि तारीख. मग बाई पण तेच बघणार ना.

पहिली ते आठवीला कलेची लेखी परीक्षा नाहीच, सगळं आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर बघत राहून केलेलं, त्यात वर्णनात्मक नोंदी लिहायच्या. नोंदी कशा असतात सांगू? "चित्र आवडीने काढतो." "रंगकामात रस घेते." एकदा लिहिलं की तेच बाकीच्यांच्या नावापुढे खाली ओढत न्यायचं. मी पण केलंय, खोटं कशाला बोलू.

अजून एक. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला पट शंभरच्या वर असेल तर कलेला अंशकालीन निदेशक द्यायचा असं आहे. शंभरच्या आत असेल तर? तिथं इंग्रजीचे सर चित्रकला घेतात आणि चित्रकलेचे सर निवडणुकीच्या याद्या.

त्यामुळे निष्पत्ती जरूर लिहा पण ६२ मुलांत ती कशी तपासायची ते पण लिहा, नाहीतर कपाटात अजून एक फाईल.

-----

सातासमुद्रापार, मूळ पंचवटी:

इकडे न्यू जर्सीत माझा भाचा शिकतो म्हणून थोडं लिहिते. अमेरिकेत २०१४ साली कलांसाठी राष्ट्रीय मानकं आली, सक्ती नाही, प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. त्यात चारच मोठ्या प्रक्रिया आहेत: नवं करणं, मांडणं, प्रतिसाद देणं आणि जोडणं, म्हणजे आपल्या आयुष्याशी, इतिहासाशी संबंध लावणं. या चारांखाली अकरा मुख्य मानकं, आणि मग इयत्तेप्रमाणे फोड.

मला गंमत वाटली ती "मांडणं" याची. आपल्याकडे चित्र काढलं, वही मिटली, संपलं. इथं दुसरीच्या पोरांना वर्गातली चित्रं एखाद्या विषयाप्रमाणे निवडून भिंतीवर लावायला सांगतात, कुठलं कशाशेजारी आणि का. भाच्यानं एकदा स्वतःचं सगळ्यात नीटनेटकं चित्र बाजूला ठेवून दुसरंच लावलं, म्हणाला हे लावलं तर बाकीची घाबरतील. आता यावर काय बोलणार.

पण तिकडचं सगळं सोन्याचं असं नाही हं. चित्राखाली परिच्छेद लिहायचा असतो, मी हे का केलं वगैरे, आणि ज्याचं इंग्रजी चांगलं त्याचं चित्र चांगलं ठरायला लागतं. शाळांच्या बजेटला कात्री लागली की कलेच्या शिक्षकाचं नाव लवकर निघतं हे मात्र इथं पण ऐकते.

-----

पेठ तालुक्यातून:

जि.प. शिक्षक. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी. रेंज मिळाली म्हणून लिहितो.

आमच्याकडे कोकणा आणि वारली मुलं जास्त. मध्ये एक प्रशिक्षण झालं, त्यात "लोककलेचा परिचय" म्हणून वारली चित्र काढायला शिकवलं. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडा, डोक्याला गोल, काठीचे हातपाय. सगळ्यांनी त्रिकोण पट्टीनं आखले. मी ते जसंच्या तसं वर्गात नेलं. चौथीतली एक पोरगी म्हणाली, गुरुजी, आमची आजी असं नाही काढत. मग कसं काढते? म्हणे आधी चौक काढते, मग आत देव, मग बाकी, आणि लग्न असेल तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी आजीला शाळेत बोलावलं. आजीनं बांबूची काडी दातांनी चावून टोक मऊ केलं, तांदळाच्या पिठात पाणी, भिंतीला आधी गेरू. पट्टी नाही, खोडायचं नाही. मुलांनी विचारलं आजी चुकलं तर? आजी हसली फक्त. लग्नाचा चौक ती शाळेत काढायला तयार झाली नाही, म्हणाली लग्न नाही तर चौक कशाला. मग नाच आणि झाडं काढली. माझ्यासाठी शिकण्यासारखं ते होतं, की कुठली गोष्ट कुठं काढायची नाही हे पण त्या कलेतच आहे. जिव्या सोमा मशे यांना २०११ ला पद्मश्री मिळाली हे मी पोरांना सांगतो, पण भिंतीवरची कला मुळात बायकांची, लग्नघरातली, हे पण सांगतो.

तर ताई, तुमच्या पानावर "लोककलेचा परिचय" असं लिहू नका एवढीच विनंती. परिचय म्हणजे त्रिकोण.

-----

स्पष्टच बोलतो:

वरचं वाचून जरा मऊ पडलोय, पण माझा प्रश्न तसाच आहे. पोटाचं काय?

-----

सातपूरचा फिटर:

पोटाचं मी सांगतो. सातपूर एमआयडीसीत २६ वर्षं टूलरूमला आहे. आमच्याकडे आयटीआय करून पोरं येतात, कॉम्प्युटरवर थ्रीडी फिरवतात मस्त, पण कागदावरची तीन दृश्यं दिली, वरून, समोरून, बाजूनं, आणि विचारलं की वस्तू डोळ्यासमोर आणून सांग आतलं भोक कुठून कुठं जातं, तर दहातल्या सातांची दांडी. ज्याला येतं त्याला विचारलं तर हमखास इंटरमिजिएट दिलेली असते, त्यात घनभूमिती असायची ना.

आणि नाशिकरोडला नोटा आणि स्टॅम्प छापतात ते काय गणितावर? आणि दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे, १८७० चा जन्म, सिनेमाच्या आधी १८८५ ला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, मग बडोद्याच्या कलाभवनात. फोटोग्राफी, छपाई सगळं त्या चित्रकलेच्या हातातून आलं. ते शेवटी नाशकातच गेले १९४४ ला, पैसा काही फार राहिला नव्हता हे पण खरं, म्हणजे तुमच्या पोटाच्या मुद्द्याला थोडं बळ मिळतंय घ्या :)

-----

कुंचला नसलेली (धागाकर्ती):

बापरे, दोन दिवसांत इतकं. सगळ्यांचे आभार. काल बाईंना भेटले, शाळा सुटल्यावर, शिक्षक खोलीत. मी वही नेलीच नव्हती, त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या ५८ वह्या एका रात्रीत तपासल्या, तपकिरी पान दिसलं, वाटलं पोरीनं रंग धुतलेलं पाणी सांडलंय. मारुती दिसलाच नव्हता त्यांना. मी सांगितल्यावर वही मागवून घेतली आणि बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, मी पुण्याची हो, दुतोंड्या मारुतीचं मला माहीतच नव्हतं.

आता मसुदा. राष्ट्रीय आराखडा (२०२३ चा) चाळला. त्यात कला वेगळा विषय आहे आणि दृश्यकला, नाट्य, संगीत, नृत्य चारही त्यात येतात. उतरंड अशी की आधी अभ्यासक्रमाची ध्येयं, त्याखाली क्षमता, त्याखाली निष्पत्ती. एनसीईआरटीनं २०२४ ला तिसरीसाठी बांसुरी आणि सहावीसाठी कृती अशी कलेची पुस्तकंही काढलीत. ध्येयं वाचायला छान आहेत, मोकळेपणानं व्यक्त होणं, कल्पनाशक्ती, साधनं आणि तंत्रं, आपल्या भागातल्या कलांची ओळख. पण ध्येयाला श्रेणी देता येत नाही, म्हणून तुमचंच ऐकून तिसरीसाठी हे लिहिलंय:

स्वतः पाहिलेली एक गोष्ट चित्रात आणते आणि कुठं, कधी पाहिली ते सांगते.
एकाच रंगाच्या तीन छटा स्वतः मिसळून करते (बाटलीतला तयार तपकिरी चालणार नाही).
आपल्या पाच चित्रांतून एक निवडते आणि का ते तोंडी सांगते.
मैत्रिणीच्या चित्राबद्दल "छान" हा शब्द न वापरता एक वाक्य बोलते.

शेवटचं मी लेकीवर करून बघितलं. माझ्या चित्राबद्दल म्हणाली, "आई तुझे डोंगर समोसे आहेत."

-----

निवृत्त ड्रॉइंग मास्तर:

उत्तम आहे. दोन हरकती. एक, "तोंडी सांगते" हे जास्त झालंय, अबोल पोरांचं काय? माझा एक विद्यार्थी अख्ख्या वर्षात चार वाक्यं बोलला असेल पण त्यानं काढलेल्या सायकलची चेन मी अजून विसरलो नाही, कडी न् कडी. दोन, स्वच्छता काढून टाकू नका. कागद जपून वापरणं, ब्रश धुऊन ठेवणं ही या कामाची रीत आहे. फक्त तिला चित्राच्या श्रेणीत घालू नका.

आणि वयाचं भान ठेवा. लोवेनफेल्ड नावाच्या अभ्यासकानं १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या त्या आम्हाला ए.टी.डी.ला, म्हणजे कलाशिक्षकाच्या पदविकेला, होत्या. सात ते नऊ वर्षांची मुलं सगळं एका जमिनीच्या रेघेवर उभं करतात, आकाश वर पट्टीसारखं. ती चूक नाही, त्या वयाची रीत आहे. नऊ-दहानंतर मूल स्वतःच म्हणायला लागतं की मला येत नाही, माझं खऱ्यासारखं दिसत नाही, आणि इथंच बहुतेकांची चित्रकला सुटते. तांब्याचा धडा त्या वेळी द्यायचा असतो, तिसरीत नाही. तुमच्या लेकीनं जमिनीची रेघ न काढता अख्खा कागद पाण्यानं भरला, आठव्या वर्षी, हे मला फार आवडलं.

-----

अर्धी खडूपेटी:

काका, लोवेनफेल्ड बरोबर, पण पायऱ्या म्हणजे टाइमटेबल नव्हे. माझ्या सहावीतली काही मुलं अजून जमिनीच्या रेघेवर आहेत आणि त्यांच्या रेघेत जी हिंमत आहे ती पुढच्यांकडे नाही.

६२ मुलांचं मी करून बघितलं या आठवड्यात. सगळ्या वह्या तपासायच्याच नाहीत. दर तासाला आठच मुलं, त्यांच्याशेजारी जाऊन बसायचं, एक प्रश्न विचारायचा, एक ओळ लिहायची. दोन महिन्यांत वर्ग पूर्ण होतो. मधले तास गेले, सुट्ट्या आल्या तर तीन महिने. पहिल्याच दिवशी एकाबद्दल लिहिलं, "झाडाची सावली कुठं पडेल हे उठून खिडकीतून बघून आला." ही ओळ खाली ओढता येत नाही ना दुसऱ्याच्या नावापुढे.

अबोल मुलांसाठी: बोट दाखवलं तरी चालेल असं लिहा.

-----

पेठ तालुक्यातून:

सहावी-सातवीला हे घाला: आपल्या गावातल्या एका कारागिराचं काम अर्धा तास बसून पाहतो आणि त्याच्या हातातली हत्यारं काढतो. तुमच्याकडे तांबट आहेत, येवल्याला पैठणीचे माग आहेत, आमच्याकडे टोपल्या विणणारे. खर्च शून्य.

-----

स्पष्टच बोलतो:

श्रेणीच कशाला द्यायची मग? ओळच लिहा ना नुसती. (हे मी विचारतोय यावर माझाच विश्वास बसत नाहीये.)

-----

कुंचला नसलेली (धागाकर्ती):

तेच मी मुख्याध्यापिकांना विचारलं. ऑनलाईन भरायला श्रेणीचा रकाना आहे, रिकामा ठेवता येत नाही म्हणाल्या. सध्या तरी ओळ पण आणि श्रेणी पण. मसुदा दिलाय, "बोट दाखवते" सकट. पाहू काय राहतंय.

लेकीची श्रेणी बदलली का विचारणाऱ्यांना: नाही. बाईंनी लाल शेऱ्याखाली पेन्सिलनं "पुढच्या वेळी मला दाखवायला घेऊन चल" एवढं लिहिलंय.

त्यावरून ठरलंय, रविवारी सकाळी साडेसातला गंगेवर. बाई येतायत, वर्गातली बारा-पंधरा पोरं आहेत. मास्तर, तुम्ही आलात तर फार बरं होईल. शिवाजी तुपे जिथं बसून घाटांची जलरंगातली चित्रं करायचे तिथंच बसू म्हणते.

-----

निवृत्त ड्रॉइंग मास्तर:

येतो. तुपे सरांसारखं कुणाला जमणार नाही, पण बसायला काय हरकत आहे. प्रत्येकानं पॅड, दोन पेन्सिली आणि पाण्याला जुना डबा आणावा. खोडरबर घरी ठेवा. पट्टी सापडली तर जप्त करीन.

-----

सातपूरचा फिटर:

माझी सेकंड शिफ्ट आहे, सकाळी मोकळाच आहे. मोठ्या माणसांनी काढलं तर चालतं का?

-----

अर्धी खडूपेटी:

चालतं. फक्त पायऱ्यांना शेवाळं धरलंय अजून, पोरांना खालच्या दोन पायऱ्या सोडून बसवा. आणि पाणी आता हिरवट झालंय, कालच बघून आले, कुणी तपकिरी ट्यूब नवीन आणू नका.